नत्थुजींची दाढ

"आजी, अंगावरचं सगळं काढून द्या बरं," नर्स म्हणाली. "ऑपरेशन डोळ्याचं असलं तरी आत काही चालत नाही."

मैनाबाईंनी कानातलं काढलं, हातातल्या पाटल्या साबण लावून लावून काढल्या आणि नर्सच्या ट्रेमध्ये ठेवल्या. मग गळ्यातल्या काळ्या दोऱ्यापाशी येऊन त्यांचा हात थांबला. त्या दोऱ्यात बोराएवढी चांदीची डबी होती.

"ती पण द्या."

"हे राहू द्या ना बाई."

"काय आहे त्यात?"

"माहे मालक हायेत."

नर्सने डबीकडे पाहिलं, मैनाबाईंकडे पाहिलं, आणि या आजीसोबत कोणी शहाणं माणूस आलंय की नाही म्हणून दाराकडे पाहिलं. दारात त्यांचा मुलगा गोपाल उभा होता. घरातल्या शहाण्या माणसाची जागा बरीच वर्षं तोच सांभाळून होता, आणि त्या जागेला शोभेल असा रडवेला चेहरा त्याला जन्मतःच मिळालेला होता.

"म्हणजे सगळे नाहीत," तो घाईघाईने म्हणाला. "फक्त दाढ आहे. बाबांची."

हे ऐकून नर्सला धीर येईल असं त्याला का वाटलं, कोण जाणे. ती दोन पावलं मागे सरकली.

नत्थुजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. बार्शीटाकळीच्या बाजूला घर, काळ्या मातीचं वावर, आणि तोंडात एकही दात किडलेला नाही हा एकमेव अभिमान, एवढं मागे ठेवून ते गेले. ते गेल्यापासून मैनाबाईंनी अन्नाला हात लावला नव्हता. तिसऱ्या दिवशी राख सावडून पुरुषमाणसांनी अस्थींचं गाठोडं अंगणातल्या कडुनिंबाला टांगलं आणि सगळे नदीवर जायच्या तयारीला लागले. तेवढ्यात मैनाबाई स्टुलावर चढल्या, गाठोडं सोडलं, त्यातली एक काळपट दाढ उचलून पदराला बांधली, पुन्हा होती तशी गाठ मारली आणि स्वयंपाकघरात जाऊन भाकर मागितली. चुलत सासऱ्यांनी खूप आरडाओरडा केला. मैनाबाई भाकर खाता खाता म्हणाल्या, "बाकीचे तुमी न्या ना नदीले. एवढा मोठा माणूस, एका दाढेनं काय कमी होते?"

त्या दिवशी गोपालने मनाशी एक गोष्ट पक्की केली. दाढ आहे तोवर माय जेवते. दाढ गेली की माय गेली. पुढे त्याची नोकरी अमरावतीला लागली, मैनाबाई त्याच्याकडे राहायला आल्या, पण हा हिशोब त्याने कधी बदलला नाही.

स्वतः त्यालाही त्या दाढेचा आधार होताच. तो जमीन मोजणीच्या खात्यात होता. दोन भावांच्या वावरांमध्ये उभं राहून धुरा, म्हणजे बांध, नेमका कुठून जातो ते सांगायचं, आणि मग दोघांच्याही शिव्या खायच्या, असं त्या नोकरीचं स्वरूप होतं. मोजणीला निघताना तो माजघरात जाऊन मायच्या गळ्यातल्या डबीला हात लावायचा, तो हात कपाळाला लावायचा आणि "येतो बाबा" म्हणून घराबाहेर पडायचा. त्या वेळी माय समोर बसलेली असायची, पण तिच्याकडे त्याचं लक्ष नसायचं.

तसं त्या घरात प्रत्येकाच्या अंगावर काही ना काही होतं. बायकोचं, म्हणजे अपेक्षाचं सोनं लोकांनी बघावं म्हणून होतं, त्यामुळे घरच्यांना ते लग्नसराईतच दिसायचं. गोपालच्या बोटात मंगळ शांत राहावा म्हणून ज्योतिषाने दिलेलं पोवळं होतं. मंगळाचं त्याला काही कळत नव्हतं, पण वावरवाले तर शांत झाले नव्हते. आणि कॉलेजात जाणारी आचल कानात कवट्या घालायची. डोळ्यांच्या जागी लाल खडे असलेल्या, करंगळीच्या नखाएवढ्या कवट्या तिने ऑनलाइन मागवल्या होत्या.

"हे कोनाचं मुंडकं होय वं?" मैनाबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"कोणाचंच नाही आजी. फॅशन आहे."

"कोनाचंच नाई, तं मंग घालते काहून?"

आचल कानांवर केस ओढून कॉलेजला निघून गेली होती.

तर अशी ती डबी नर्सच्या देखत गोपालच्या हातात आली. "सांभाळ बरं तुह्या बापाले," मैनाबाई आत जाता जाता म्हणाल्या. "अन् आता निंघालीच हाये तं अकोल्याहून उजळून आन. भल्ली काळी पडली. जान्रावकडेच जाजो. अन् पाह्य, तू उघडू नोको. जान्रावच उघडल."

ऑपरेशन चांगलं झालं. डोळा जरा लालसर वाटला म्हणून डॉक्टरांनी पट्टी सोमवारपर्यंत ठेवायला सांगितली. दुसऱ्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं, त्यामुळे मैनाबाई घरी येऊन जवळजवळ आंधळ्यासारख्या पलंगावर बसल्या. बसल्या बसल्या त्यांचा हात सारखा गळ्याशी जायचा, तिथे काही नाही म्हटल्यावर पदर सारखा करायचा आणि परत मांडीवर यायचा. त्या रात्री त्यांनी अर्धीच भाकर खाल्ली. ती अर्धी उरलेली भाकर पाहून गोपालला धडकी भरली.

म्हणून शुक्रवारी सकाळी तो डबी घेऊन अकोल्याला निघायच्या तयारीला लागला, आणि निघता निघता त्याला शंका आली. जानराव सोनार म्हातारा झालेला. चांदी उजळायची म्हणजे डबी कसल्या तरी तेजाबात बुडवणार. आत बाबा असताना बुडवली तर? बाबांना एकदा जाळलं होतं, आता तेजाबात घालायचं त्याच्या जिवावर आलं. मायने उघडू नको म्हटलं होतं खरं, पण मायला तेजाबाचं काय माहीत? त्याने चाकूच्या टोकाने डबीचं झाकण उचकटलं, दाढ अलगद तळहातावर घेतली आणि जेवणाच्या टेबलावर बसून ती कशात गुंडाळावी याचा विचार करू लागला.

एवढ्यात फोन वाजला. चांदूरकडच्या एका धुऱ्यावर आदल्याच आठवड्यात त्याने रोवलेला दगड कोणीतरी उपटून विहिरीत टाकला होता आणि दुसरा भाऊ फोनवर ओरडत होता. गोपालने दाढ समोरच्या ताटाच्या कडेला ठेवली आणि तो बोलायला गॅलरीत गेला.

त्या ताटात तुरीची डाळ होती. गावाकडून भावाने पाठवलेली, घरच्या वावरातली, निवडायला काढलेली.

फोन लांबला. दगड विहिरीत आहे की विहीर दुसऱ्याच्या हद्दीत आहे, यावरून बराच वाद झाला. गोपाल परत आला तेव्हा ताटात नुसती पिवळीधमक डाळ होती आणि अपेक्षा हात झटकत होती.

"इथी एक... इथी काही होतं ना वं?"

"कुठे?"

"ताटात. काठावर. काळं."

"खडा ना? केवढा मोठा होता हो! तुमच्या भावाकडच्या डाळीत दरवर्षी गोटे असतातच, पण यंदा तर हद्दच झाली. काढून टाकला."

"कुठी टाकला?"

"सुपलीत. अन् सुपली आत्ताच घंटागाडीत ओतून आली. काहून?"

गोपालने टेबलावरची उघडी डबी तिच्यापुढे केली. अपेक्षाने डबीत पाहिलं, ताटात पाहिलं आणि हळूच तोंडावर हात ठेवला.

"मामाजी?" ती हळू आवाजात म्हणाली.

गोपालने मान डोलावली.

"अगं माय वं!"

तो पायात आलेल्या दोन वेगवेगळ्या चपला घालून धावत सुटला. घंटागाडी गाणं वाजवत पुढच्या गल्लीच्या टोकाला पोचली होती. त्याने हात आडवे करून ती अडवली.

"काय हारपलं भाऊ?" गाडीवाल्याने विचारलं. असे लोक त्याला नेहमीच भेटत असावेत. "सोनं?"

"नाही."

"मोबाइल?"

"नाही. दात."

"कवळी?"

"नाही हो, एकच. दाढ. माझ्या बाबांची."

"मंग बाबाच्या तोंडाचं माप घेऊन नवी बसवा ना. बाबा कुठी हायेत?"

"ते वारले."

गाडीवाल्याने गाणं बंद केलं. त्याने गोपालकडे नीट पाहिलं, मग त्याच्या चपलांकडे पाहिलं. "मंग त्यायले आता कायले पाह्यजे?" त्याने सहानुभूतीनेच विचारलं.

तरी माणूस चांगला होता. त्याने गोपालला मागे चढू दिलं. गोपालने सगळ्या कॉलनीचा कचरा दोन्ही हातांनी उपसला. त्याला लसणाच्या पाकळ्या सापडल्या, मक्याचे दाणे सापडले, कोंबडीची हाडं सापडली, एक बटण सापडलं. प्रत्येक वेळी त्याच्या काळजात लख्ख व्हायचं आणि लगेच विझायचं. एका काळ्या तुकड्यावर तर त्याने कपाळ टेकवलं. तो खारकेचा निघाला. शेवटी गाडीवाला म्हणाला की निम्मा माल मघाशीच मोठ्या गाडीत गेला आहे, आणि मोठी गाडी आता डेपोवर रिकामी होत असेल. त्या डेपोचा डोंगर गोपालने रस्त्याने जाताना पाहिलेला होता. तो गाडीतून उतरला आणि रस्त्याच्या कडेला बसून रडला. बाबा गेले तेव्हा लोक होते, म्हणून त्याला नीट रडता आलं नव्हतं. ते सगळं त्याने तिथे, कचऱ्याने बरबटलेल्या हातांनी उरकून घेतलं.

अकोल्याला जाऊन येण्याइतका वेळ बाहेर काढून तो संध्याकाळी घरी आला तेव्हा मैनाबाईंनी आतून विचारलं, "देल्ली का रे जान्रावले?"

"देल्ली माय," गोपाल म्हणाला.

"काय म्हने मंग?"

"सोमवारपर्यंत देतो म्हने."

रात्री मैनाबाईंनी वरणभात बाजूला सारला. ती तीच डाळ होती. गोपालच्याही घशाखाली ती उतरेना.

आणि यातली खरी पंचाईत त्याच्या ध्यानात आडवं झाल्यावर आली. इतकी वर्षं मायला धड दिसत नव्हतं. डबीत लसणाची पाकळी घातली असती तरी कदाचित चाललं असतं. पण सोमवारी पट्टी निघणार होती आणि तिला जगातलं सगळं लख्ख दिसणार होतं. ऑपरेशनचा खर्च त्यानेच केला होता, आग्रहही त्यानेच केला होता.

शनिवारी सकाळी तो संघपालच्या दवाखान्यात जाऊन बसला. डॉ. संघपाल त्याचा शाळेपासूनचा मित्र, आता नावाजलेला दातांचा डॉक्टर. गोपालने सगळी हकिगत सांगितली आणि शेवटी खालच्या आवाजात म्हणाला, "तुह्याकडे रोज इतके दात निंघतेत. एक दाढ दे ना बे. जुनी असली तरी चालते."

"अबे, दाढ काय कोथिंबीर हाये, भाजीवर फुकट द्याले?" संघपाल म्हणाला. "काढलेले दात पिवळ्या पिशवीत जातेत. त्याचा कायदा हाये. कोन्या लोकाचा दात काकूच्या गळ्यात घालतं का तू?"

"तू हासशील हे मले माहीत होतं. तुमच्यात हे असं मानत नाहीत."

"हासून नाई राह्यलो मी. श्रीलंकेत जा, भगवान बुद्धाच्या दाताचं केवढं मोठं विहार हाये! माही मायच जाऊन आली, वर्गणी काढून. पन तो दात बुद्धाचा होय गोपाल. नत्थुजींच्या दाढेसाठी मी लायसन नाई घालवत."

"मंग कोनालेच देत नाई का तू?"

"ज्याचा दात त्यालेच देता येते. मांगतला तं पुडीत बांधून देतो."

गोपालची जीभ आपोआप डावीकडे, खालच्या दाढेवर गेली. ती दाढ वर्षभर ठणकत होती. संघपाल तिच्यावर उपचार करू म्हणून मागे लागला होता आणि गोपाल खर्चाला भिऊन टाळत होता.

"एका घरातले दात सारखे असतेत का रे?" त्याने विचारलं.

"बरेचसे. जबडा एकच ना. काहून?" संघपालने विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला समजलं. "नाई. अजिबात नाई. अबे, ते दाढ वाचते ना! दोन खेपा घाल, मी वाचवून देतो."

"वाचवू नोको," गोपाल म्हणाला आणि खुर्चीवर आडवा होऊन त्याने आ केला.

बारा वाजता तो पुडी घेऊन घरी आला. गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा. दाढ आईबापांच्या पुण्याईने मजबूत होती, निघताना तिने संघपालला घाम फोडला होता. पण ती होती पांढरी, आणि चितेतून आलेली दाढ पांढरी कशी असणार? गोपालने खुणा करून अपेक्षाला तवा मागितला.

"पोळ्यांचा मी देणार नाही," अपेक्षा म्हणाली आणि तिने माळ्यावरचा जुना तवा काढून दिला.

गोपाल गॅससमोर उभा राहून स्वतःची दाढ भाजू लागला. घरभर वास सुटला. दाढ आधी पिवळी झाली, मग टच्चकन वाजली आणि तिला बारीक तडा गेला. गोपालने अभावितपणे गाल दाबला. आचल दारात उभी राहून हे सगळं पाहत होती.

"बाबा, माझ्या कानातल्यांना तुम्ही अभद्र म्हणता," ती म्हणाली. पण बापाचा चेहरा पाहून तिने पुढचं बोलणं गिळलं आणि पंखा लावला.

"काय जळून राह्यलं वं?" मैनाबाईंचा आवाज आला.

"काही नाही आत्याबाई, पापड," अपेक्षा म्हणाली.

मैनाबाईंनी हवेत नाक फिरवलं. त्यांचा हात मोकळ्या गळ्याशी जाऊन परत आला.

दीडच्या एसटीने गोपाल अकोल्याला निघाला. खिशात डबी, डबीत काळी दाढ, तोंडात नवा बोळा, कारण रक्त अजून थांबलेलं नव्हतं. कंडक्टरने "कुठी?" विचारलं तेव्हा त्याने "अऊऊआ" असं काहीतरी उत्तर दिलं.

"भाऊ, पहिले खर्रा थुका, मंग बोला," कंडक्टर म्हणाला. गोपालने खिडकीबाहेर थुंकल्यावर ते लाल पाहून मागच्या सीटवरच्या बाईने तंबाखूच्या व्यसनावर मूर्तिजापूरपर्यंत त्याची शाळा घेतली. तिचे मालक असेच गेले होते. गोपाल मान हलवत ऐकत राहिला. तिच्या गळ्यातही एक ताईत होता. त्यात काय आहे हे विचारायचं त्याच्या फार मनात आलं, पण विचारणार कशाने?

मोर्णेचा पूल ओलांडून तो जुन्या शहरात शिरला. जानरावांचं दुकान म्हणजे एका बोळातली एका माणसाची जागा. जानराव त्यातच जन्मल्यासारखे बसलेले. गोपालने डबी पुढे केली. जानरावांनी झाकण उघडलं, दाढ चिमट्यात धरली, भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ पाहिलं. मग भिंगावरून गोपालकडे पाहिलं.

"पुन्हा?" जानराव म्हणाले.

गोपालने "अँ?" केलं. बोळ्यामुळे त्याला एवढंच जमलं.

जानरावांची नजर त्याच्या सुजलेल्या गालावर गेली आणि तिथेच थोडा वेळ थांबली. "बसा," ते मायेने म्हणाले. "हे कीड लागलेली बाजू खाली घालतो. वरतून काई समजत नाई. तुमच्या घरची दाढ मीच बसवतो, चिंता नोका करू."

जानराव म्हातारे झाले, आता त्यांच्या बोलण्याला ताळमेळ राहिला नाही, असं गोपालला वाटलं. त्यांनी दाढ लाखेत बसवली, झाकण घट्ट केलं, डबी चकचकीत केली. परतीच्या एसटीत गोपालने ती मुठीत धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला नमस्कार करायचा राहिला. आत आपणच आहोत, हे त्याला विसरता येईना.

सोमवारी डॉक्टरांनी पट्टी काढली. मैनाबाईंनी डोळा मिचकावला, उघडला, पुन्हा मिटला. मग त्या हळूहळू सगळं बघू लागल्या. भिंतीवरचा तक्ता पाहिला, पंखा पाहिला, खिडकीबाहेरचं झाड पाहिलं. "पानं पानं दिसून राह्यले वं," त्या अपेक्षाला म्हणाल्या. गोपालने डबी त्यांच्या गळ्यात बांधली.

मैनाबाईंनी डबी डोळ्यासमोर धरली. नखाने झाकण वर केलं. अपेक्षा झाडाकडे पाहू लागली.

"मस्त उजळली," मैनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी झाकण लावलं.

चार दिवसांत गोपाल पहिल्यांदा हसला. अगदी मोकळेपणाने, तोंडभरून हसला. आणि मैनाबाईंचा नवा डोळा थेट त्या हसण्यात शिरला.

"आ कर," मैनाबाई म्हणाल्या.

"काय?"

"आ कर म्हनतो मी."

डोळ्याच्या दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखत, सेहेचाळीस वर्षांच्या गोपालने आ केला. मैनाबाईंनी त्याची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी हनुवटी सोडली आणि घरी येईपर्यंत त्या ऑटोत डबी मुठीत धरून बसल्या.

घरी आल्यावर त्या पलंगावर बसल्या. "बस इथी," त्या म्हणाल्या. "बापाची कुठी गेली?"

गोपाल खाली बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. डाळ, सुपली, घंटागाडी, खारीक. "मले माफ कर माय. बाबाले मी कचऱ्यात घातलं. तू जेवन सोडशील म्हनून..."

"ते तुह्या बापाची नव्हती," मैनाबाई म्हणाल्या.

अपेक्षाने हातातलं ताट खाली ठेवलं.

"तुह्या बापाची तिवस्याच्या लग्नात पडली. मांगं, आपन मामाकडे गेलो होतो ना, तवा. इतकी गर्दी, झाकन कधी उघडलं समजलंच नाई. घरी येऊन पाह्यतो तं डबी खाली."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगनारच होती. तं त्याच हप्त्यात तुह्यावर त्या धुऱ्यावाल्यानं कुऱ्हाड उगारली. तू घरी आला, या डबीले धरून रडला. म्हने, बाबा, तुमी होते म्हनून आज वाचलो." मैनाबाईंनी डबीवरून अंगठा फिरवला. "अन् डबीत तं कोनीच नव्हतं. मंग मी तुले काय सांगू?"

गोपालला तो दिवस आठवला. कुऱ्हाडही आठवली. रिकाम्या डबीने वाचवलेला आपला जीव त्याला एकदम हलका वाटू लागला.

"मंग गावाले गेली, माही एक दाढ हालत होती, ते दोरा बांधून काढली, चुलीत भाजली अन् जान्रावकडून बसवून घेतली. तू कायच्यावर भाजली?"

"तव्यावर."

"म्हनून तडकली. चुलीच्या राखेत घालाले पाह्यजे होती," मैनाबाई म्हणाल्या. "परवा वास आला तवाच माह्या मनात आलं होतं. पन म्हटलं, असं येडं काम माह्याशिवाय कोन करते?"

"म्हनजे मी फुकट..." गोपालचा हात गालाकडे गेला. संघपाल वाचवून देतो म्हणाला होता, ते त्याच्या कानात घुमलं. "मले वाटलं, दाढ नसली तं तू जेवनार नाईस."

"सोडलं होतं ना जेवन. तिवस्याहून आल्यावर दोन दिवस. तुमाले वाटलं एकादशी हाये."

अपेक्षाने मान खाली घातली. गोपाल मनातल्या मनात मागे मागे जात होता. इतकी वर्षं, मोजणीच्या प्रत्येक सकाळी, त्याने हात लावला होता तो कोणाला? मायच्या पाया पडायला त्याला कधी वेळ झाला नव्हता, पण तिच्या दाढेच्या तो रोज पडत होता. आणि ती समोर बसून "ये बापू" म्हणत होती. ते उत्तर ती बाबांच्या वतीने देते आहे, असं तो समजत होता. त्याला इतकं वाईट वाटलं की ठणकही क्षणभर थांबली.

"काढून ठेव ते आता," तो म्हणाला. "बाबाची नाई, तुही नाई. माही किडकी दाढ घेऊन काय हिंडतं?"

मैनाबाईंनी डबी पदराखाली सरकवली. "कोनाची तरी हाये ना," त्या म्हणाल्या. दाराशी उभ्या असलेल्या आचलचा हात तिच्या कानाकडे गेला.

त्या दुपारी मैनाबाईंनी पूर्ण भाकर खाल्ली. गोपालने पेज प्यायली, कारण दुसरं काही चावता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चांदूरची मोजणी होती. विहिरीतला दगड काढून पुन्हा रोवायचा होता आणि दोन्ही भाऊ धुऱ्यावर येऊन थांबल्याचा फोन आला होता. गोपाल पिशवी घेऊन सवयीने मायसमोर आला. सवयीने त्याचा हात डबीकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. स्वतःच्या दाढेच्या पाया कसं पडायचं, हे त्याला समजेना. हात मागे घ्यावा तर बिननमस्काराचं घराबाहेर पडायचं धाडस नव्हतं. शेवटी तो वाकला. सवय नव्हती, त्यामुळे त्याचं डोकं आधी पलंगाच्या पाटीवर आपटलं, मग हात मायच्या पायांना लागले.

मैनाबाईंनी पाय जरा आत ओढले, मग राहू दिले. नव्या डोळ्याने त्या त्याच्या डोक्याकडे पाहत होत्या. त्याचे केस बरेच पांढरे झाले आहेत, हे त्यांना आजच दिसलं होतं.

"ये बापू," त्या म्हणाल्या. "अन् त्या धुऱ्यावर तोंड बंद ठेवजो. घरात आता गमवाले कोनाचीच दाढ उरली नाई."